जुन्या जीएमसीत काय करावं? आधी जुलै महिन्याचा विचार करा

तुम्ही वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि प्रबंधासाठी पणजीचं जुनं गोवा मेडिकल कॉलेज, म्हणजे सगळे ज्याला ‘जुनं जीएमसी’ म्हणतात ते, घेतलं आहे. तुमचे प्रश्न तीन. ही इमारत मुळातच वैद्यकीय शाळेसाठी बांधली होती का? अशा इमारतींची इतकी डागडुजी होऊनही भिंतींची ओल का जात नाही? आणि तिथे कायमचं काय करावं: संग्रहालय, ग्रंथालय, हॉटेल, की सध्या चालतं तसंच महोत्सवांपुरतं वापरावं? कोकण आणि गोव्यातल्या चिऱ्याच्या जुन्या इमारतींच्या जतनाचं काम मी करत आलोय, त्या नजरेने सांगतो. उत्तर लांबेल, कारण तिसऱ्याचं उत्तर पहिल्या दोघांत अडकलेलं आहे.

पहिल्या प्रश्नाला सरळ हो किंवा नाही म्हणता येत नाही. ‘एस्कोला मेडिको-सिरुर्जिका द गोवा’, म्हणजे गोव्याची वैद्यकीय शाळा, १८४२ साली सुरू झाली, ती तिच्यासाठी बांधलेल्या वास्तूत सुरू झालेली नाही. मांडवीच्या काठी माकिनेझ घराण्याचा १७०२ सालचा वाडा होता, त्यात आधी रुग्णालय आणि त्याच्या आधाराने शाळा आली. हा वाडा आजही त्याच आवारात उभा आहे, त्याचं छोटं चॅपेलही आहे. बंदर-रस्त्यावरून जाताना नजरेत भरते ती लांबलचक दुमजली, कौलारू इमारत नंतरच्या बांधकामाची. प्रबंधात या दोन वास्तू वेगळ्या मांडा. एक घर होतं, त्याचं रुग्णालय केलं. दुसरी रुग्णालय आणि शाळा म्हणूनच उभी राहिली. जतनाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे, आणि बहुतेक लेखांत त्यांची सरमिसळ झालेली दिसते.

शाळा पणजीतच का आली, तेही पाहून ठेवा. जुन्या गोव्यात पोर्तुगीजांचं शाही रुग्णालय सोळाव्या शतकापासून होतं. पिरार द लाव्हाल हा फ्रेंच खलाशी १६०८ च्या सुमारास तिथे आजारी म्हणून राहिला आणि चांदीच्या ताटांत जेवण वाढत असल्याचं कौतुकाने लिहून गेला. पण ताटं चांदीची असली तरी शहराचं पाणी घाण होतं. साथींमागून साथी आल्या, वस्ती उठत गेली. १७५९ मध्ये व्हाइसरॉय पणजीला राहायला आला. रुग्णालय मध्ये काही काळ जुन्या गोव्याजवळच्या पणेलीला होतं, मग तेही पणजीत आलं. १८४३ मध्ये पणजीला राजधानीचा आणि शहराचा दर्जा मिळाला. म्हणजे वैद्यकीय शाळा राजधानीपेक्षा वर्षभराने मोठी! हे शहरच रोगराईपासून पळून आलेल्या लोकांनी वसवलं, त्यामुळे मोकळी हवा हा इथल्या सरकारी बांधकामाचा पहिला हिशेब राहिला.

‘आशियातली सर्वांत जुनी वैद्यकीय शाळा’ हे वाक्य तुम्हाला ठिकठिकाणी मिळेल. ते उचलताना जपून. गोव्यात लष्करी रुग्णालयात वैद्यकाचे वर्ग १८०१ पासून भरत होते, तिथून मोजलं तर दाव्यात जीव आहे. पण शाळेची रीतसर स्थापना १८४२ ची, आणि कलकत्ता व मद्रासची मेडिकल कॉलेजं १८३५ ची. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज मात्र तीन वर्षांनी धाकटं, १८४५ चं. परीक्षकांपैकी कुणी या वाक्यावर बोट ठेवलं तर उत्तर तयार असू द्या. मला विचाराल तर या शाळेचं वेगळेपण वयात नाही. इथून बाहेर पडलेले गोमंतकीय डॉक्टर अंगोला, मोझांबिक, तिमोर अशा पोर्तुगीज वसाहतींत सरकारी नोकरीवर जात. पण खुद्द पोर्तुगालमध्ये वैद्यकी करायची तर इथली पदवी पुरत नसे, तिथे जाऊन पुन्हा शिकावं लागे. साम्राज्याच्या कडेकडेला पाठवायला चालणारे, राजधानीत न चालणारे डॉक्टर! याच शाळेचे संचालक राहिलेले फ्रॉयलानू द मेलू पुढे पणजीचे नगराध्यक्ष झाले आणि हिवतापाविरुद्ध झटले. इमारतीत उद्या छोटं दालन करायचंच झालं तर सांगण्यासारखी गोष्ट ही आहे.

गोवा मुक्त झाल्यावर १९६३ मध्ये शाळेचं गोवा मेडिकल कॉलेज झालं, नव्वदच्या दशकापर्यंत सगळा कारभार शहराबाहेर बांबोळीला गेला आणि पणजीच्या मधोमध एवढी मोठी वास्तू रिकामी झाली. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आला, तेव्हा आवाराची डागडुजी झाली, शेजारी मल्टिप्लेक्स उभं राहिलं, माकिनेझ वाड्यात महोत्सवाचं काम बघणारी सरकारी ‘एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा’ बसली. २००७ मध्ये कवी आणि कलासमीक्षक रणजित होस्कोटे यांनी ‘अपरान्त’ हे गोव्यातल्या समकालीन कलेचं प्रदर्शन जुन्या कॉलेजच्या खोल्यांत मांडलं. इमारत कलेसाठी किती चालते हे लोकांना तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं. २०१६ पासून सेरेंडिपिटी हा कलामहोत्सवही तिथे भरतो. मध्यंतरी व्यापारी संकुलासाठी ती देण्याची टूम निघाली होती, लोक आणि कलाकार विरोधात उभे राहिले.

आता इमारत वाचू. जुन्या रुग्णालयांचा आराखडा सगळीकडे एकाच समजुतीवर बेतलेला असे: रोग दूषित हवेतून पसरतो, म्हणून हवा अडता कामा नये. म्हणून लांब आणि अरुंद वॉर्ड, समोरासमोर खिडक्या, उंच छत, बाजूने व्हरांडा, मध्ये चौक. जंतूंचा शोध लागल्यावर ती समजूत मोडीत निघाली, पण त्या नादात बांधलेल्या खोल्या कोकणच्या हवेला अगदी योग्य निघाल्या. वॉर्डमध्ये दुपारी उभं राहा. समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या की नदीकडचा वारा आरपार जातो, गरम हवा वर चढून कौलांच्या फटींतून निघून जाते. पंख्याशिवाय बसता येतं. आता त्याच वॉर्डमध्ये एका बाजूच्या खिडक्यांना प्लायवूड ठोका, चित्रं टांगायला जागा हवी म्हणून. दहा मिनिटांत फरक कळतो. प्रदर्शनांसाठी असं सर्रास करतात. आठवडाभरापुरतं ते चालून जातं, पण काम झाल्यावर प्लायवूड काढायचं राहून गेलं की भानगड सुरू होते.

तुमचा दुसरा प्रश्न इथेच येतो.

पणजीत वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. हे आवार ज्या कांपाल भागात आहे तो पट्टा सखल, मांडवीचं भरतीचं खारं पाणी जवळ, जमिनीखालचं पाणी वर. भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. चिरा खाणीतून काढताना इतका मऊ असतो की कुऱ्हाडीने तासता येतो, हवा लागली की कडक होतो. पण सच्छिद्र तो कायम राहतो. तो पाणी पिणारच. जुन्या गवंड्यांना हे ठाऊक होतं, म्हणून भिंत जाडजूड, सांधे चुन्यात आणि गिलावाही चुन्याचाच. गोव्यात हा चुना बहुधा शिंपले भाजून करत. पावसाळ्यात भिंत पाणी घेते आणि दिवाळीनंतर चुन्याच्या गिलाव्यातून ते बाहेर सोडते. दरवर्षी पावसाळा सरला की चुन्याचा हात फिरवायचा, हा रिवाज होता तो यासाठी.

याच भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक इमल्शन लावलं की पाण्याची बाहेरची वाट बंद. जमिनीतून पाणी चढतंच राहतं, सोबत क्षार आणतं. सिमेंटच्या मागे ते साठतं, आणखी वर सरकतं, आणि जिथे गिलावा संपतो किंवा जिथे तडा आहे तिथे फुटतं. कमरेएवढ्या उंचीवर रंगाचे पोपडे सुटलेले दिसले तर एक पोपडा नखाने उचला. मागे पांढरा लोणा, म्हणजे वाळलेला क्षार, दिसेल, आणि त्यामागचा चिरा किल्लीने खरवडला तर लाल पिठासारखा खाली येईल. बाहेरचं सिमेंट मात्र ठणठणीत! बोटाने वाजवलं की पोकळ आवाज येतो, एवढीच खूण. कंत्राटदार येतो, पोपडे काढतो, वॉटरप्रूफिंगचं रसायन फासतो, रंग देतो. दोन पावसाळ्यांत ओल आणखी हातभर वर. ओल जात नाही याचं कारण दुरुस्ती कमी पडली हे नसतं. ओलीला कोंडून ठेवणारी दुरुस्ती पुन्हा पुन्हा होत असते.

उपाय कंटाळवाणा आहे. सिमेंट काढायचं, सांधे खोलवर मोकळे करायचे, भिंतीला निदान एक कोरडा हंगाम उघडी सोडायची, लोणा ब्रशने कोरडाच झाडायचा (पाण्याने धुवायचा नाही, तो परत आत जातो), मग चुन्याचा गिलावा थरांत. या कामाला महिने लागतात, आणि त्या काळात इमारत फोटोत भयंकर दिसते. सरकारी मालकाला नेमकं तेच नको असतं. त्यात उद्घाटनाची तारीख आधी ठरली की कामाचा क्रमच उलटा होतो. मेपूर्वी छप्पर आणि पन्हळी, पावसाळ्यानंतर भिंती, सर्वांत शेवटी रंग, हा खरा क्रम. नोव्हेंबरातल्या सोहळ्यासाठी ऑक्टोबरात ओल्या भिंतीला रंग दिलेला मी पाहिला आहे, कुठे ते सांगत नाही.

छपराबद्दल थोडक्यात. मंगळुरी कौल फुटलं तर बदलता येतं, ती मोठी गोष्ट नाही. बघायचं ते वाश्यांची भिंतीवर टेकणारी टोकं, दोन उतार मिळतात ती खाच आणि आतल्या चौकाकडच्या पन्हळी. एक पन्हळ पिंपळाच्या रोपाने तुंबली तर पाणी भिंतीत उतरतं आणि वाश्याचं टोक आतून कुजतं. खालून बघणाऱ्याला तीन-चार वर्षं काहीच कळत नाही. वाळवी त्याच ओल्या टोकापासून सुरुवात करते. कौलांखाली पत्रा किंवा प्लास्टिक घालण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. गळती थांबते, पण वरून हवा निघायची वाटही बंद होते. घालायचंच तर मध्ये हवेसाठी मोकळी जागा ठेवूनच.

वैद्यकीय इमारतींचा एक विषय वाड्यांच्या किंवा शाळांच्या जतनात कधी येत नाही, म्हणून तुम्हाला तो कुठे वाचायला मिळणार नाही: रुग्णालय गेलं तरी मागे बरंच ठेवून जातं. वॉर्ड, प्रयोगशाळा, शवविच्छेदनाची खोली, शस्त्रक्रियेची खोली, प्रत्येक ठिकाणी पाण्याचे नळ आणि सांडपाण्याचे बिडाचे पाइप वेगवेगळ्या काळात टाकलेले असतात. नवीन टाकताना जुने क्वचितच काढतात. भिंतीत आणि फरशीखाली हे मेलेले पाइप पडून असतात आणि पावसाचं पाणी त्यांतून भलतीकडे फिरतं. चढणारी ओल समजून उपचार केलेली भिंत प्रत्यक्षात एका विसरलेल्या पाइपामुळे भिजत होती, असं या कामात होतं. म्हणून कोणत्याही जुन्या रुग्णालयात नळ-गटारांचा नकाशा आधी. दुसरं, पारा. फुटलेल्या थर्मामीटरांचा आणि रक्तदाबमापकांचा पारा जुन्या लाकडी फळ्यांच्या फटींत दशकानुदशकं राहू शकतो. फळ्या पॉलिश करायला मशीन लावण्याआधी तपासणी करून घ्या. जुन्या तैलरंगात शिसं असतं, तो कोरडा घासू नका. क्ष-किरणांच्या खोलीच्या भिंतीत शिशाचा पत्रा असू शकतो, आणि मागच्या बाजूच्या पडव्यांवर ॲस्बेस्टॉसचे पत्रे. यातलं काय कुठे आहे ते इमारतीगणिक बदलतं; सर्वेक्षणाच्या तक्त्यात रकाने मात्र सगळ्यांचे हवेत.

आता तिथे काय करावं. माझं मत स्पष्ट आहे: जो वापर जुलैमध्ये खिडक्या उघडेल, तो योग्य. बाकी सगळं त्यानंतर.

महोत्सव नोव्हेंबर-डिसेंबरात होतात. म्हणजे हवा कोरडी असते आणि इमारतीला कुणाची गरज नसते, तेव्हा तिथे पाय ठेवायला जागा नाही. जूनपासून कुलूप. जो काळ धोक्याचा, पन्हळ तुंबते, कौल सरकतं, बुरशी धरते, त्या काळात आत कुणी फिरकत नाही. रिकाम्या इमारतीत गळती सुरू झाल्यापासून ती कुणाच्या लक्षात येईपर्यंतचा काळ हाच खरा नुकसानीचा काळ. रोज माणसं बसत असतील तर पहिल्या थेंबाला कुणीतरी बादली ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी तक्रार करतं. महोत्सवांना माझा विरोध नाही, त्यांच्यामुळेच ही वास्तू लोकांच्या मनात राहिली. पण वर्षाचे आठ-दहा महिने भरायला दुसरं कुणीतरी हवं.

संग्रहालय ऐकायला बरं वाटतं. कागद, कापड, तैलचित्रं यांना आर्द्रता स्थिर लागते. त्यासाठी खिडक्या कायमच्या बंद आणि वातानुकूलन चोवीस तास. बाहेर दमट, आत थंड, मध्ये सच्छिद्र भिंत. पाणी कुठे जमा होणार ते तुम्हीच सांगा. वीज गेली की संग्रह आणि इमारत दोन्ही एकदम आजारी. काही मोजक्या वस्तू ठेवायच्याच असतील तर बाहेरच्या भिंतीला न टेकणारी, आतल्या आत उभारलेली एखादी बंद खोली करा आणि तेवढीच थंड ठेवा.

ग्रंथालयाची अडचण वजनाची. आपल्या भारतीय मानकांत रुग्णालयाच्या वॉर्डसाठी जमिनीवरचा भार चौरस मीटरला साधारण २०० किलो धरतात, पुस्तकांच्या मांडण्यांसाठी ६०० किलोच्या आसपास, आणि उभ्या गर्दीसाठी ५००. जुनी इमारत अर्थातच या मानकांनुसार बांधलेली नाही, पण वॉर्डचा वापर केवढा हलका होता ते यावरून कळतं. जिथे वरचा मजला लाकडी तुळयांवर असेल तिथे मांडण्या खाली ठेवा, वर वाचनाची टेबलं. आणि हो, महोत्सवातली गर्दीही याच हिशेबात येते. वरच्या मजल्यावर एका वेळी किती माणसं सोडायची याचा आकडा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्यावा.

हॉटेल मला पटत नाही, आणि त्याचं कारण भावनिक नाही. प्रत्येक खोलीला न्हाणीघर लागतं. वॉर्डचे तुकडे होतात, आरपार हवा संपते, आणि चिऱ्याच्या भिंतींत नव्याने डझनावारी पाइप शिरतात.

सगळ्यांत चपखल बसतात ते वर्ग. कलाशिक्षण, हस्तकलेच्या कार्यशाळा, नाटकाच्या तालमी, भाषेचे वर्ग, अभ्यासिका. ही इमारत शाळाच होती, तीस-चाळीस माणसांनी एका खोलीत दिवसभर बसावं याच मापाने तिच्या खोल्या आहेत. आपल्याकडे कॉलेजचे वर्ग जूनच्या सुमारास भरू लागतात, पावसाबरोबर! विद्यार्थी उशिरापर्यंत थांबतात, खिडक्या उघडतात, गळकं कौल दाखवतात. हिवाळ्यात दोन-तीन आठवडे महोत्सवाला जागा मोकळी करून देता येते. उत्पन्न हॉटेलपेक्षा कमी, हे खरं. मग हिशेब पूर्ण मांडा: दर पाच-सात वर्षांनी बंद पडलेल्या इमारतीच्या ‘नूतनीकरणावर’ होणारा खर्च एका बाजूला आणि वर्षभर एक सुतार, एक गवंडी आणि पन्हळी साफ करणारा माणूस ठेवण्याचा खर्च दुसऱ्या बाजूला. या एका तक्त्यासाठी प्रबंधात स्वतंत्र प्रकरण द्या. परीक्षकांना चित्रं आवडतात, पण निर्णय घेणारा हा तक्ता वाचतो.

लिफ्ट, स्वच्छतागृहं आणि आगीच्या वेळी उतरायचा जिना लागणारच. ते मूळ खोल्यांत कोंबू नका. चौकाच्या किंवा मागच्या बाजूला, भिंतीपासून सुटं, उद्या काढलं तर मागे भोक राहणार नाही असं हलकं लोखंडी बांधकाम करा. जुन्या व्हरांड्याला काचा लावून तो ‘वापरात आणण्याचा’ मोह प्रत्येक वास्तुरचनाकाराला होतो. व्हरांडा भिंतीवर पावसाचा मारा येऊ देत नाही आणि आत सावली देतो, म्हणजे तो वापरात आहेच.

मोजमापासाठी तुम्ही डिसेंबरात जाणार असं लिहिलंय. जा, पण ऑगस्टमध्येही परवानगी मिळवून एक फेरी मारा. टॉर्च, छत्री आणि ओलावा मोजायचं साधं यंत्र सोबत घ्या. प्रत्येक बाहेरच्या भिंतीवर जमिनीपासून अर्ध्या, एक आणि दीड मीटरवर नोंद घ्या, आणि त्याच जागांवर डिसेंबरात पुन्हा. खालची नोंद जास्त आणि वरची कमी असेल तर ओल जमिनीतून. वर जास्त असेल तर छप्पर किंवा पन्हळ. मध्येच एका पट्ट्यात जास्त असेल तर पाइप शोधा. माळ्यावर चढायला मिळालं तर वाश्यांच्या टोकांत पेचकस टोचून बघा, आधी तिथल्या देखरेख करणाऱ्याला सांगून. नोंदी झाल्या की पाठवा, भिंतीगणिक काय करायचं ते पुढे बोलू.